फक्त नावं बघणारा माणूस

रत्नागिरीजवळच्या मिऱ्यावरच्या दादू तांडेलनं आजवर किती सिनेमे बघितले हे विचारायला जाऊ नका, तो सांगत बसेल आणि तुमची एसटी चुकेल. फक्त त्यातल्या एकाचाही मधला भाग त्यानं बघितलेला नाही. सुरुवातीच्या पाट्या संपल्या की तो कॅसेट नाहीतर सीडी पुढे पळवायचा आणि शेवटच्या पाट्या दिसू लागल्या की थांबवायचा. मधल्या वेळात नायक बिघडतो, सुधारतो, लग्न करतो नाहीतर मरतो. ते त्याचं तो बघून घेईल, असं दादूचं मत. दादूला हवी असायची नावं. कुणी काय केलं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं, कुणाचं नाव कसं लिहिलंय एवढ्याशीच होतं.

तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. दादूचा आजा तांडेल, बापूस तांडेल, थोरला भाऊ बाबल्याही तांडेल, आडनावानं आणि कामानंसुद्धा. दादूला मात्र धक्क्याला बांधलेल्या होडीत पाय ठेवला तरी मळमळायचं. बापसानं कपाळावर हात मारला आणि त्याला शिकवला. शिकून दादू एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून झाला. आलेल्या कागदावर आल्याचा शिक्का, गेलेल्या कागदावर गेल्याचा. कागदात काय लिहिलंय ते वाचायची गरज नव्हती आणि दादूनं ती आगळीक कधी केलीही नाही. अशा माणसाला सरकारनं वयोमानानुसार घरी पाठवलं, तेव्हा शिक्के मारायची सवय घेऊनच तो घरी आला. आता शिक्का कशावर मारायचा एवढाच प्रश्न होता, तो इंटरनेटनं सोडवला.

तिथं 'सामायिक चित्रसंग्रह' नावाची एक जागा आहे. ज्यांच्या घरी सिनेमांच्या सीड्या आहेत त्यांनी त्यावरची माहिती तिथं भरायची, म्हणजे सगळ्यांची कपाटं मिळून एक मोठं कपाट होतं. काम फुकटचं. त्यामुळे भांडणं अगदी मनापासून होतात. भांडणाचं मूळ म्हणजे नावं. एकच नट एका सिनेमात पूर्ण नावानं येतो, दुसऱ्यात टोपणनावानं, तिसऱ्यात बापाचं नाव मधे घालून. मग संग्रहात त्याची तीन माणसं होतात. म्हणून नियम असा की एका माणसाची सगळी नावं एका मुख्य नावाखाली जोडायची, आणि मुख्य नाव म्हणजे आज तो ज्या नावानं ओळखला जातो ते. कुणी जोडणी सुचवली की बाकीचे स्वयंसेवक 'हो' किंवा 'नाही' असं मत देतात आणि कारणाच्या रकान्यात कारण लिहितात. कारणाचा रकाना हा संग्रहातला सर्वांत वाचनीय भाग आहे.

दादू इथं 'काटेकोर' या नावानं वावरायचा. कागदावर दत्ताराम, गावात दादू, संग्रहात काटेकोर. एका माणसाचं एकच नाव असावं म्हणून झटणाऱ्याला स्वतःला तीन पुरत नव्हती, पण ते कुणी त्याच्या लक्षात आणून दिलं नाही. गणपतीत सुरू झालेला एका मेलेल्या खलनायकाच्या नावाचा वाद त्यानं शिमग्यापर्यंत लढवला आणि जिंकला. खलनायकाच्या घरच्यांना याचा पत्ताही नसेल. एकदा कुणीतरी एका सिनेमातल्या वरातीतला छत्रीवाला आपला मामा असल्याचा दावा केला, तेव्हा दादूनं नियमच करून घेतला, की नातेवाइकांची साक्ष पुरावा धरू नये. या नियमाचा त्याला फार अभिमान होता. संग्रहाची देखरेख करणारा पुण्याचा समर्थ, वयानं दादूच्या मुलासारखा, त्यानंही तेव्हा "काका, हे बरं केलंत," असं लिहिलं होतं. ते वाक्य दादूनं बायकोला वाचून दाखवलं होतं.

आता बायकोकडे येऊ. दादू काही वर्षांनी जे काम संग्रहात करणार होता, त्याचा सराव त्यानं स्वतःच्या लग्नात करून घेतला होता.

बायको बुरोंडीची, नाव रुपाली पावसे. दादूच्या घरी मात्र बाबल्याची बायको आधीच रुपाली होती. ती माहेरची मथुरा. तिला रुपाली केलं होतं बाबल्यानं, त्याच्या लग्नात. म्हणजे जन्मापासून रुपाली असलेली मुलगी घरात येणार, आणि मथुरेची रुपाली झालेली बाई आधीच घरात बसलेली. आईनं हुकूम काढला, एका घरात दोन रुपाल्या नकोत, हाक कुणाला मारली ते कळायचं नाही. दादूनं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'मृणाली' असं सुबक अक्षरात लिहिलं. नाव त्यानं नुकत्याच बघितलेल्या कुठल्याशा सिनेमाच्या पाटीवरून उचललं होतं. रुपालीला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धत असती तर ताटात तांदूळ कशाला पसरले असते.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी मृणालीनं नवऱ्याला एक गोष्ट सांगितली होती. ती अठरा वर्षांची असताना बुरोंडीच्या किनाऱ्यावर एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं होतं. मुंबईहून यायची ती मुलगी आलीच नाही, म्हणून दिग्दर्शकानं किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या हिला उभी केली. बोलायला संवाद होते, पाटीवर नावही आलं. सोयरिकीच्या वेळी घरच्यांनी ही गोष्ट लपवली, कारण सिनेमात काम केलेली पोर कोण करून घेणार. पण नवऱ्याला सिनेमाचं वेड आहे म्हटल्यावर तिला वाटलं, हा खूश होईल. दादू "हो काय?" म्हणाला आणि मग त्यानं तिला एका निराळ्याच सिनेमाच्या नामावलीतली चूक समजावून सांगितली.

त्या सिनेमाचं नाव 'सुकतीची वेळ'. सुकती म्हणजे ओहोटी. नावाला जागून सिनेमा पडला तो आठवड्याभरात सगळ्या थेटरांतून बाहेर गेला. पुढे त्याची सीडी निघाली, आणि ती रत्नागिरीच्या बाजारात एका ढिगात दादूला सापडली. दादूनं ती घरी आणली, लावली, पाट्या बघितल्या, नावं टिपली, मधला भाग पळवला. नावांत 'रुपाली पावसे' होती. बायकोचं माहेरचं नाव त्याच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं. त्यानं संग्रहात शोधलं, तर मुंबईची एक रुपाली पावसे तिथं आधीपासून होती. नायकाच्या आईची, मावशीची, न्यायाधीशाच्या बायकोची कामं करणारी, बऱ्याच सिनेमांतली. पावसे हे काही वाटेवर पडलेलं आडनाव नव्हे, तेव्हा बाई तीच असणार. दादूनं जोडणी सुचवली, लोकांनी 'हो' म्हटलं, आणि त्याच्या स्वतःच्या बायकोचा एकुलता एक सिनेमा न्यायाधीशाच्या बायकोच्या खात्यावर जमा झाला. असली चूक साध्या प्रेक्षकाच्या हातून होत नाही. त्याला सिनेमा बघायची खोड असते.

हे असंच पडून राहिलं असतं. पण यंदा रितेश मधे आला. रितेश रत्नागिरीतल्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचा मालक, आणि चित्रप्रेमी मंडळाचा अध्यक्ष, सचिव आणि पुष्कळदा एकमेव प्रेक्षक. जिल्ह्यात चित्रित झालेले जुने सिनेमे लोकांना दाखवावे असं त्याच्या मनात आलं. 'सुकतीची वेळ'ची बरी प्रत त्यानं कुठूनशी मिळवली, आणि त्यातलं हयात कोण आहे ते संग्रहात शोधून सत्काराला मुंबईच्या रुपालीबाईंना बोलावलं. बाई फोनवर म्हणाल्या, मला काही असा सिनेमा आठवत नाही. रितेश म्हणाला, संग्रहात आहे. एवढे सिनेमे केलेल्या बाईंना वाटलं, आपल्या आठवणीपेक्षा संग्रह खरा असेल.

पत्रिका दादूच्या घरी आली तेव्हा मृणाली मागच्या दारी बांगडे साफ करत होती. पत्रिकेवर खाली बारीक अक्षरात 'माहिती साहाय्य : श्री. दत्ताराम तांडेल' असं होतं, म्हणून दादू ती नाचवतच मागच्या दारी गेला. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि पत्रिका वरपासून वाचली. वाचायला तिला बराच वेळ लागला.

"अवो, ह्या रुपाली पावसे कोन?"

"मुंबयची मोठी नटी हाय. सत्कार हाय तिचा."

"ह्या पिच्चरमदी तिनं काय काम केलान?"

दादूला अर्थातच माहीत नव्हतं. "पाटीवर नाव हाय तिचं," तो म्हणाला.

"नाव माजं हाय," मृणाली म्हणाली.

दादूच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पुरावा काय?"

मृणालीनं त्याच्याकडे बघितलं, पत्रिका त्याच्या हातात दिली आणि पुन्हा बांगडे साफ करायला बसली. ती चिडली असती तर दादूला बरं वाटलं असतं. तिनं फक्त पाठ केली. तिथं उभ्या उभ्या दादूला बुरोंडीचा किनारा, ते शूटिंग, ती लग्नानंतरची गोष्ट हळूहळू आठवायला लागली, आणि त्याला खरंच वाईट वाटलं. पण करणार काय. वाईट वाटण्यावर त्याला एकच उपाय ठाऊक होता, तो संग्रहात गेला.

त्यानं जोडणी तोडायची सूचना टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'या चित्रपटातील रुपाली पावसे ही वेगळी व्यक्ती असून ती माझी पत्नी आहे.' समर्थचं उत्तर आलं. "काका, पत्नी म्हणजे नातेवाईक. नातेवाइकांची साक्ष पुरावा धरत नाही, नियम तुमचाच आहे. शिवाय पत्नीचं नाव मृणाली असं तुम्हीच मागे कुठेतरी लिहिलंय." दादूनं लिहिलं, नाव लग्नात बदललं. समर्थनं विचारलं, कुणी? दादूनं 'मी' असं लिहिलं. समर्थनं पुढे सरळ सुचवलं, "तुम्ही माहिती भरताना सिनेमा पाहिलाच असेल. मुंबईच्या बाई त्यात दिसतात का, तेवढंच सांगा, काम होईल."

एवढंच सांगायचं होतं, आणि तेवढंच सांगता येत नव्हतं. बघितला नाही म्हटलं तर आजवर भरलेल्या सगळ्या माहितीवर लोक बोट ठेवणार. त्यानं कपाट उघडून सीडी काढली, तर मिऱ्याच्या खाऱ्या हवेनं तिच्यावर बुरशीचे पांढरे डाग धरले होते. ती लागेना. तो रितेशच्या दुकानात गेला. रितेश एका फोनचं पोट उघडून बसला होता. "काका, संग्रहात तुम्हीच लिहिलंत ना?" तो म्हणाला. "आता बाईंची गाडी ठरली, शाल आणली. मंडळाकडे शाल एकच आहे." मग त्यानं आवाज खाली आणला. "आणि काकींचं म्हणाल, तर त्यांना आपण पहिल्या रांगेत बसवू."

घरी येऊन दादूनं पहिल्या रांगेचं सांगितलं. मृणाली म्हणाली, "पाचवी रांग चालंल. माजा पिच्चर हाय, मी बगायला येतंय." तिला सत्कार नको होता, शालही नको होती. आपण सिनेमात होतो हे नवऱ्यानं एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच तिची अपेक्षा होती, आणि ती अपेक्षा किती जुनी होती हे दादूला अजून कळायचं होतं.

रविवारी सकाळी सभागृह निम्मं भरलं, म्हणजे रत्नागिरीच्या मानानं तुडुंब. मुंबईच्या बाईंना हातखंब्याच्या फाट्यावर उतरवून घेतलं होतं, महामार्गानं त्यांची कंबर मोडली होती तरी त्या हसतमुख होत्या. शाल झाली, नारळ झाला. बाई समुद्रावर बोलल्या, सोलकढीवर बोलल्या, कोकणी माणसाच्या मायेवर बोलल्या. हे भाषण कुठल्याही किनाऱ्यावरच्या कुठल्याही सिनेमाला चाललं असतं. मग दिवे गेले. दादूच्या उजवीकडे बाबल्याची बायको, त्याची वहिनी, बसली होती, डावीकडे मृणाली. पाट्या सुरू झाल्या तसा दादू सरसावला, पाट्या संपल्या तसा त्याचा अंगठा आपोआप हलला. पण पुढे पळवायचं बटण हातात नव्हतं.

बराच वेळ नायक उगाच फिरला. मग तो किनाऱ्यावर आला. तिथं एक पोर दोरीवर बोंबील टाकत होती. त्यानं तिला गावाची वाट विचारली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पायातल्या बुटांकडे बघितलं, आणि एकदम गंभीर चेहऱ्यानं त्याला चिखलाच्या वाटेला लावून दिलं. "सरळ जावा. वाट मऊ हाय," ती म्हणाली. तो गुडघाभर रुतला तेव्हा ती हातातले बोंबील टाकून हसली, पालथा हात ओठांवर धरून. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबला. सभागृह हसलं.

दादू हसला नाही. तो पालथा हात त्यानं हजारदा बघितला होता, चुलीपाशी, अंगणात, भावाच्या पोरांच्या मागे धावताना. बघितला होता असं त्याला आता वाटलं. खरं म्हणजे घरातही त्यानं मधलं फारसं बघितलेलं नव्हतं. तो उभा राहिला.

"रुपाली," तो म्हणाला, आणि चांगला मोठ्यानं म्हणाला.

पहिल्या रांगेतून मुंबईच्या बाईंनी मागे वळून बघितलं. उजवीकडून वहिनी म्हणाली, "काय वो भावजी?" डावीकडे बसलेली त्याची बायको पडद्याकडेच बघत राहिली. त्या नावाला वळायची तिची सवय मोडली होती. मोडणारा शेजारीच उभा होता.

"अगो, तुला हाक मारतंय," दादू खाली वाकून म्हणाला.

"कळला. बसा खाली," मृणाली म्हणाली. "मागल्यांना दिसत नाय."

दादू बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक सिनेमा शेवटपर्यंत बघितला. सिनेमा वाईट होता. ती पोर अजून दोन-तीनदा आली आणि दर वेळी सिनेमा तेवढ्यापुरता सुधारला.

दिवे लागल्यावर मुंबईच्या बाईंनी माईक मागून घेतला. "मी यात कुठेच नाही हो," त्या म्हणाल्या. "ही मुलगी कोण, ते मला सांगा." रितेशनं दादूकडे बघितलं. दादू स्टेजवर गेला, माईक तोंडाशी धरला आणि म्हणाला, "ती माझी बायको. नाव मी बदललं. सिनेमा मी बघितलेला नव्हता, फक्त पाट्या बघितल्या होत्या." लोकांना यातलं काही कळलं नाही, पण टाळ्या वाजवल्या. बाई स्वतः खाली आल्या आणि मंडळाची एकुलती एक शाल त्यांनी मृणालीच्या खांद्यावर घातली. मृणालीनं त्यांना विचारलं, "जेवून जाल ना? बांगड्याचं कालवण हाय." आणि बाई जेवून गेल्या. जाण्याआधी दादूच्याच कॉम्प्युटरवर बसून त्यांनी संग्रहात लिहिलं की हा सिनेमा माझा नाही. त्या दादूच्या नात्यात नव्हत्या, त्यामुळे त्यांचं म्हणणं पुरावा ठरलं आणि जोडणी तुटली.

दुसऱ्या दिवशी दादू नवी नोंद करायला बसला. रुपाली पावसे, बुरोंडी, चित्रपट एक. आता नियमाप्रमाणे ही नोंद आजच्या नावाखाली जोडायची होती. त्यानं 'मृणाली तांडेल' लिहिलं, आणि पहिल्यांदाच, जोडायच्या आधी विचारायला उठला. मृणाली ओसरीवर सुकट निवडत होती.

"जोडू ना?"

सुपातलं लक्ष न काढता ती म्हणाली, "ती सीडी तुमी घरात आणलात ना, तवा मला वाटला, माज्यासाठी आणलात. मी चाय ठेवला, लुगडा बदलून तुमच्या मागं येऊन बसलंय. तुमी माजं नाव लिवलात, रुपाली पावसे. माज्या डोळ्यांसमोर लिवलात. मी म्हटला, आता मान फिरवतील."

"मग?"

"मग तुमी पुढं पळवलात. मी फर्रकन गेलंय. दिसलीसुदा नाय नीट. तुमी सीडी कपाटात ठेवलात आनि म्हनालात, चायला साखर कमी हाय."

दादूला यातलं चहाचं तेवढं आठवत होतं.

"तवाच सांगायचंस गो," तो कसाबसा म्हणाला.

"कशाला? पुरावा मागितला असतात." तिनं सूप बाजूला ठेवलं. "जोडू नका. ती पोर माज्या वडलांच्या घरची हाय. तिचं लगीन झालेला नाय. तिला तितं येकटीच ऱ्हाऊ दे, तुमच्या नावाखाली नको."

दादूनं जोडणीचा रकाना रिकामा सोडला. संध्याकाळी समर्थचा निरोप आला. "काका, एकाच व्यक्तीची दोन नावं न जोडता ठेवणं नियमात बसत नाही. तुम्हीच स्टेजवर ती तुमची पत्नी असल्याचं सांगितलंत, रितेशनं व्हिडिओ टाकलाय. मी जोडणी मतदानाला लावतोय."

दादूनं 'नाही'वर मत दिलं. मग कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. त्यांपैकी एकीला मी काल पहिल्यांदा बघितलं.'